शाळेच्या बॉलसाठी किल्ट : प्रथमच नेसणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

एडिंबरा, ग्लासगो किंवा ॲबर्डीन येथे नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या कुटुंबातील मूल एस-सिक्समध्ये, म्हणजे स्कॉटिश शाळेच्या शेवटच्या वर्षात पोहोचले की घरात लीव्हर्स बॉलचा विषय निघतोच. शाळा सोडून जाणाऱ्या विद्यार्थ्यांचा हा औपचारिक नृत्यसमारंभ बहुधा परीक्षा आटोपल्यावर, जूनच्या सुमारास होतो. काही शाळांमध्ये माध्यमिकच्या चौथ्या वर्षाच्या शेवटी प्रॉम नावाचा असाच नृत्यसमारंभ असतो, आणि डिसेंबरमधील ख्रिसमस डान्समध्ये तर खालच्या वर्गांतील मुलेही नाचतात. या सर्व प्रसंगी बरेच मुलगे किल्ट, म्हणजे गुडघ्यापर्यंतचे चुण्यांचे पारंपरिक स्कॉटिश वस्त्र, नेसून येतात, आणि ज्यांच्या घरी आजोबांचा किल्ट कपाटात नाही, त्यांच्यापुढे कोठून सुरुवात करावी हा प्रश्न उभा राहतो.

नवख्या कुटुंबांची तयारी बहुतेक वेळा फोटोच्या हिशेबाने होते. टार्टन, म्हणजे किल्टचे रंगीत चौकडीचे कापड, कोणते, कोटाची बटणे चंदेरी आहेत का, बो-टाय काळा की रंगीत, यांवर खूप चर्चा होते. प्रत्यक्षात मुलाला त्या पोशाखात गाडीत बसायचे असते, तीन पदार्थांचे जेवण जेवायचे असते आणि त्यानंतर दोन-तीन तास गिरक्या घेत नाचायचे असते. फोटो पाच मिनिटांत होतात. पोशाखाची खरी परीक्षा नाचात होते. पुढील जवळपास प्रत्येक सल्ला याच कसोटीवर पारखून घेतलेला आहे.

आधी नाच समजून घ्यावा

स्कॉटलंडमधील बहुतेक शाळांत नाताळपूर्वीच्या काही आठवड्यांत शारीरिक शिक्षणाच्या तासाला ‘सोशल डान्सिंग’ शिकवतात. मुलगे भिंतीकडे, मुली खिडकीकडे आणि मधोमध शिटी घेऊन उभे असलेले शिक्षक, हे दृश्य येथे शिकलेल्या प्रत्येकाला पाठ असते. परदेशातून माध्यमिकच्या पाचव्या-सहाव्या वर्षात आलेल्या मुलाचे हे तास हुकलेले असतात; तेव्हा किल्टच्या मापाआधी चार नाचांची ओळख करून घ्यावी, म्हणजे पोशाखावर कसला ताण येणार आहे ते कळते.

गे गॉर्डन्स हा जोडीचा नाच: आधी हातात हात धरून पुढे-मागे चालणे आणि शेवटी एकमेकांना धरून गोल फिरत जाणे. डॅशिंग व्हाइट सार्जंटमध्ये तिघे-तिघे समोरासमोर उभे राहतात, वर्तुळ करून फिरतात आणि मग समोरच्या तिघांना ओलांडून पुढच्या तिघांना भेटतात. एटसम रीलमध्ये आठ जण असतात आणि प्रत्येकाला मध्ये उभे राहून एकट्याने नाचण्याची पाळी येते. सर्वांत धसमुसळा नाच म्हणजे स्ट्रिप द विलो. त्यात लांब रांग करून, कोपरात कोपर अडकवून आलटून-पालटून जोडीदाराला आणि रांगेतल्या प्रत्येकाला जोराने फिरवत खाली जायचे असते. याच नाचात बूट निसटतात, मोजे घोट्यावर येतात, कोटाची बटणे दुसऱ्याच्या ड्रेसच्या जाळीत अडकतात आणि किल्ट हलक्या कापडाचा असेल तर तो गिरकीबरोबर छत्रीसारखा वर उठतो.

पहिली पायरी : शाळेचे नियम, आणि मोज्यातला चाकू

समारंभाची सूचना आली की तीत पोशाखाबद्दल काय म्हटले आहे ते नीट वाचावे आणि शंका असल्यास मुलाच्या गायडन्स टीचरला, म्हणजे त्याच्या मार्गदर्शक शिक्षकाला विचारावे. ‘हायलंड ड्रेस’ (किल्टचा पारंपरिक पोशाख) असे लिहिले असले तरी किल्टची सक्ती सहसा नसते. सूट चालतो, आणि शेरवानी किंवा बंद गळ्याचा कोट घालून गेलेल्या मुलाकडेही कोणी वाकड्या नजरेने पाहत नाही. किल्ट नेसायचा तर मुलाला हवासा वाटतो म्हणून नेसावा. ‘इथे राहतो म्हणजे नेसलाच पाहिजे’ या समजुतीतून पालकांनी तो त्याच्यावर लादू नये. उलट बाजूची भीतीही अनाठायी आहे. आपण स्कॉटिश नसताना किल्ट नेसला तर लोकांना राग येईल का, असे अनेक जण दबकत विचारतात. माझ्या पाहण्यात तरी उलटेच घडते: शेजारच्या आजीबाई हौसेने दारात येऊन पिन नीट लावून देतात.

नियमांच्या बाबतीत खरी काळजी घ्यायची ती स्कीअन डू या वस्तूची. हा छोटा चाकू उजव्या मोज्यात, डावखुऱ्याच्या बाबतीत डाव्या मोज्यात, केवळ मूठ वर दिसेल असा खोचतात. स्कॉटलंडच्या 1995 च्या फौजदारी कायद्यानुसार सार्वजनिक ठिकाणी आणि शाळेच्या आवारात पाते असलेली वस्तू बाळगणे हा गुन्हा आहे. राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून ती बाळगली असल्यास तो बचाव कायद्याने मान्य केलेला आहे. मात्र या सवलतीमुळे शाळेचा किंवा हॉटेलचा स्वतःचा नियम रद्द होत नाही, आणि शाळांच्या कार्यक्रमांत खऱ्या पात्याला सहसा मज्जाव असतो. अठरा वर्षांखालील मुलांना भाड्याच्या पोशाखासोबत बहुधा बिनपात्याची, मोज्यात अडकणारी नुसती मूठ देतात. तीच मागून घ्यावी, किंवा तेही नको असेल तर मोजा रिकामा ठेवावा. त्याने पोशाखात काहीही उणे पडत नाही. स्ट्रिप द विलोमध्ये पोटरीला घासणारी वस्तू जितकी कमी तितके बरे. भारतातून आलेल्या एखाद्या नातेवाइकाने हौसेने खरा चाकू विकत घेतलाच, तर परतीच्या विमानप्रवासात तो हातातल्या बॅगेत ठेवू नये, एवढे त्यांना आठवणीने सांगावे.

दुसरी पायरी : भाड्याने की विकत, आणि कधी

वाढत्या वयाच्या मुलासाठी भाड्याचा पोशाख हाच शहाणपणाचा मार्ग आहे. किल्ट, कोट, वेस्टकोट, शर्ट, मोजे, फ्लॅशेस (मोजे धरून ठेवणारे, रंगीत टोकांचे इलॅस्टिक), बूट, स्पोरन (पुढे लटकवायचा बटवा) आणि पिन असा सगळा संच एका रात्रीसाठी साधारण 60 ते 120 पौंडांत मिळतो. याउलट मापाने शिवलेला लोकरीचा किल्टच एकटा बहुधा 400 पौंडांच्या पुढे जातो आणि तो हाताने शिवून मिळायला कित्येक आठवडे लागतात. धर्मादाय दुकानांत वापरलेले चांगले किल्ट मिळतात, आणि बऱ्याच शाळांमध्ये लहान झालेले कपडे दुसऱ्यांसाठी ठेवण्याची सोय असते. तेथे आधी चौकशी करायला संकोच मानू नये.

जूनमधील समारंभासाठी मार्चमध्येच नाव नोंदवावे. त्याच दिवसांत लग्ने असतात आणि लगोलग विद्यापीठांचे पदवीदान समारंभही येतात, त्यामुळे मे महिन्यात दुकानात गेल्यास हवे ते टार्टन आणि हव्या त्या मापाचे बूट उरलेले नसतात. मार्चमध्ये दिलेले माप जूनपर्यंत बदलू शकते. म्हणून समारंभाच्या एक-दोन आठवडे आधी पुन्हा माप देण्याची सोय आहे का, हे नोंदणी करतानाच विचारून ठेवावे.

माप घेताना हमखास होणारी चूक म्हणजे जीन्सचा कमरेचा आकडा सांगणे. जीन्स नितंबावर बसते आणि किल्ट बेंबीच्या रेषेवर, काहींच्या बाबतीत किंचित वर बांधतात. ही दोन मापे सारखी नसतात. टेप बेंबीभोवती आडवा धरून कंबर मोजावी, मग नितंबाच्या सर्वांत रुंद भागाचे माप घ्यावे आणि शेवटी बेंबीपासून गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंतची लांबी मोजावी. मोजताना मुलाने समोर पाहावे. तो खाली वाकून टेपवरचा आकडा वाचू लागला की लांबी इंच-दीड इंचाने चुकते. किल्ट अंगावर आल्यावर एक सोपी तपासणी करता येते. मुलाला जमिनीवर गुडघे टेकून ताठ उभे करावे: किल्टचा काठ जमिनीला जेमतेम टेकावा किंवा बोटभर वर राहावा. कापड जमिनीवर लोळत असेल तर किल्ट लांब आहे किंवा तो कमरेवर खाली बांधला आहे, आणि दुसरे कारणच अधिक वेळा निघते.

कापडाच्या वजनाची चौकशी फारसे कोणी करत नाही, पण नाचाच्या दृष्टीने तीच महत्त्वाची आहे. किल्टचे लोकरी कापड वारामागे 16 औंस, म्हणजे सुमारे 450 ग्रॅमचे असेल तर ते जड समजतात. 13 औंसाचे, म्हणजे सुमारे 370 ग्रॅमचे, मध्यम. स्वस्त किल्टमध्ये वापरलेले पॉलिस्टर-व्हिस्कोसचे कापड याहून हलके असते. पारंपरिक किल्टला आठ वार कापड लागते. आपल्याकडे नऊवारी नेसलेल्या आजीला जसा त्या कापडाच्या भाराचाच आधार वाटतो, तसेच या आठ वारांचे आहे: मागच्या खोल चुण्यांत साठलेले वजन किल्टला खाली धरून ठेवते आणि गिरकी घेताना तो डौलाने झुलतो, उडत नाही. त्यामुळे उकडेल या भीतीने सर्वांत हलका किल्ट निवडू नये. हॉल तापलाच तर कोट काढता येतो. उडणाऱ्या किल्टवर मात्र ऐनवेळी काहीच उपाय नसतो. पाच वारी किल्ट असेल तर तो निदान लोकरीचा तरी असावा.

तिसरी पायरी : टार्टन

आपल्या आडनावाचे टार्टन नसेल तर काय, या प्रश्नावर अनेक पालक रात्री जागवतात. तशी काहीही गरज नाही. कुळागणिक ठरलेले टार्टन ही कल्पना ज्या काटेकोर स्वरूपात आज सांगितली जाते, ती मुख्यतः एकोणिसाव्या शतकात रुजली. राजाविरुद्धचे बंड मोडणाऱ्या कलोडनच्या लढाईनंतर 1746 च्या कायद्याने डोंगराळ भागातील पुरुषांच्या या पोशाखावर बंदी आली, ती 1782 मध्ये उठली आणि 1822 मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरा येथे आला तेव्हा त्याच्या स्वागतासाठी टार्टनचा जो थाट झाला, त्यानंतर प्रत्येक घराण्याला आपापले टार्टन हवेसे वाटू लागले. टार्टनांची अधिकृत नोंदवही 2009 मध्ये सुरू झाली, ती आज नॅशनल रेकॉर्ड्स ऑफ स्कॉटलंड या सरकारी संस्थेकडे आहे, आणि तीत शहरे, कंपन्या, फुटबॉल क्लब, विद्यापीठे यांचीही टार्टने आहेत.

ज्यांचे कोणत्याच कुळाशी नाते नाही त्यांच्यासाठी सर्वांना मोकळी असलेली टार्टने आहेत. गडद हिरव्या-निळ्या रंगाचे ब्लॅक वॉच कोणत्याही कोटाखाली शोभते आणि फोटोत भडक दिसत नाही. लाल रंगाचे रॉयल स्ट्युअर्ट हे राजाचे टार्टन असले तरी सर्रास सगळे नेसतात. एडिंबरा, ग्लासगो, ॲबर्डीन, डंडी या शहरांची स्वतःची टार्टने आहेत. ज्या गावात शाळा शिकलो त्या गावाचे टार्टन नेसणे मला सर्वांत समर्पक वाटते. काही शाळांचेही स्वतःचे टार्टन असते, तेव्हा तीही चौकशी करावी. मात्र बॅल्मोरल हे करड्या रंगाचे टार्टन राजघराण्यासाठी राखीव आहे, आणि ते भाड्याच्या दुकानात मिळणारही नाही.

चौथी पायरी : कोट

शाळेच्या समारंभासाठी दोन पर्याय पुरेसे आहेत. प्रिन्स चार्ली हा आखूड, मागे छोटी शेपटी असलेला काळा कोट. तो तीन बटणांच्या वेस्टकोटवर आणि बो-टायसह घालतात, आणि त्याची पुढची बटणे लावत नाहीत. नाव अठराव्या शतकातील राजपुत्राचे असले तरी हा कोट विसाव्या शतकातला आहे. अरगाइल हा त्याहून साधा कोट. त्यासोबत पाच बटणांचा वेस्टकोट आणि लांब टाय चालतो. निमंत्रणात ‘ब्लॅक टाय’ असे लिहिलेले असेल तर प्रिन्स चार्ली घ्यावा. अन्यथा अरगाइल घ्यावा, कारण तो खांद्यांत मोकळा असतो आणि हात वर करून नाचताना आखूड कोटासारखा वर ओढला जात नाही.

कोणताही कोट घेतला तरी वेस्टकोट आणि किल्ट यांच्यामध्ये शर्टाची पांढरी पट्टी दिसता कामा नये. ती दिसली तर नव्वद टक्के वेळा दोष वेस्टकोटचा नसून खाली बांधलेल्या किल्टचा असतो. वेस्टकोट असेल तेव्हा रुंद पट्टा आणि मोठे बकल बांधत नाहीत.

पाचवी पायरी : नेसण्याचा क्रम

पोशाख समारंभाच्या एक-दोन दिवस आधी घरी येतो. त्याच संध्याकाळी पिशवी उघडून प्रत्येक वस्तू पलंगावर मांडावी आणि एकदा पूर्ण नेसून पाहावे, म्हणजे कमी असलेली वस्तू बदलून आणता येते.

सुरुवात अंतर्वस्त्रापासून. ‘खरा स्कॉट आत काही घालत नाही’ हा विनोद प्रत्येक मुलाच्या कानावर आलेला असतो. शाळेचा समारंभ, गिरक्यांचे नाच आणि उद्या दुसऱ्या कोणाच्या अंगावर जाणारा भाड्याचा किल्ट, या तिन्हींचा विचार करता तो विनोद विनोदच राहू द्यावा. गडद रंगाची, अंगाबरोबर बसणारी शॉर्ट्स घालावी.

त्यानंतर शर्ट, आणि मग लगेच मोजे व बूट. किल्ट बांधल्यावर खाली वाकून नाड्या बांधणे अवघड जाते, म्हणून ही कामे आधी उरकतात. लोकरीचे लांब मोजे पूर्ण वर ओढून घ्यावेत, फ्लॅशेसचे इलॅस्टिक गुडघ्याखाली बसवावे आणि मोज्याची वरची कड त्यावर दुमडावी. दुमड गुडघ्याच्या वाटीखाली दोन-तीन बोटे अंतरावर यावी आणि फ्लॅशची रंगीत कापडी टोके दुमडीखालून इंचभर, पायाच्या बाहेरच्या अंगाला दिसावीत. दोन्ही पायांची दुमड सारख्या उंचीवर आहे की नाही, ते आरशापेक्षा बोटांनी मोजून पाहणे सोपे. इलॅस्टिक सैल असेल तर पहिल्याच नाचात मोजा घसरतो. फार घट्ट असेल तर तासाभरात पोटरी ठणकू लागते. एक बोट सहज आत सरकेल इतके ते असावे.

घिली ब्रोग्ज या बुटांना जीभ नसते आणि नाड्या हातभर लांब असतात. येथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. नाड्या नेहमीसारख्या ओवून घट्ट ओढाव्यात. नंतर घोट्याच्या पुढच्या बाजूला दोन्ही नाड्यांना एकमेकींभोवती तीन-चार पीळ देत वर न्यावे, मग त्या मागे नेऊन पायाला एक वेढा द्यावा आणि परत पुढे आणून किंचित बाहेरच्या बाजूला गाठ मारावी. वेढा घोट्याच्या थोडा वर असला की पुरे. पार पोटरीपर्यंत नेलेल्या नाड्या चालता-चालताच खाली उतरतात. नाचायचे असल्यामुळे फुलाची गाठ मारल्यावर तिचे कान पुन्हा एकदा बांधावेत. चामडी तळ नवा असेल तर गुळगुळीत लाकडी जमिनीवर पाय घसरतो. रबरी तळाचे बूट मिळत असतील तर तेच घ्यावेत, आणि कोणतेही असले तरी आदल्या संध्याकाळी घरातल्या घरात अर्धा तास घालून फिरावे, म्हणजे टाचेला कोठे चावतात ते वेळीच कळते.

आता किल्ट. चुण्या नेहमी मागे, सपाट भाग पुढे. एवढे एक लक्षात ठेवले की निम्मे काम झाले. किल्टला पुढे दोन पदर असतात, एक आतला आणि एक वरचा. किल्ट पाठीमागे धरून दोन्ही टोके दोन हातांत घ्यावीत. उजव्या हातातील आतला पदर आधी पोटावरून डावीकडे न्यावा आणि त्याचा पट्टा डाव्या कमरेवरील फटीतून बाहेर काढून बकलात अडकवावा. त्यानंतर डाव्या हातातील वरचा पदर उजवीकडे आणून उजव्या कमरेवरील बकले लावावीत. दशा असलेली कड आता उजव्या मांडीवर, सरळ खाली उतरलेली दिसली पाहिजे. तशी ती नसेल तर किल्ट उलटा नेसला गेला आहे. वरचे बकल घट्ट लावावे, खालचे नितंबावरचे मात्र जरा सैल, नाहीतर चुण्या मागे फाकतात. शेवटी टार्टनच्या चौकडीची मधली रेघ बेंबीच्या सरळ रेषेत आली आहे ना, ते पाहावे. पोट आत ओढून बकल लावू नये. तीन पदार्थांचे जेवण अजून व्हायचे असते. किल्ट नवा शिवून घेतला असेल तर चुण्या जागच्या जागी राहाव्यात म्हणून शिंप्याने घातलेला कच्चा दोरा नेसण्यापूर्वी उसवून टाकावा.

किल्टची पिन वरच्या पदराच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात, काठापासून दोन-तीन इंच वर लावतात, आणि ती फक्त वरच्या पदरातूनच घालतात. दोन्ही पदर एकत्र टाचले तर किल्ट नीट पडत नाही, आणि नाचात जोराचे पाऊल पडताच कापड फाटते. भाड्याच्या किल्टच्या बाबतीत ती भरपाई आपल्याला करावी लागते.

स्पोरनचा पट्टा किंवा साखळी किल्टच्या मागच्या फासांतून ओवून बांधतात. तो वेस्टकोटच्या खालच्या कडेपासून चार बोटे खाली लटकावा. किल्टला खिसे नसतात, त्यामुळे रात्रभराचे सगळे सामान याच बटव्यात बसवावे लागते: समारंभाचे तिकीट, घराची किल्ली आणि यंग स्कॉट कार्ड. बावीस वर्षांखालील रहिवाशांना 31 जानेवारी 2022 पासून स्कॉटलंडमध्ये बसप्रवास मोफत आहे, पण त्यासाठी ते कार्ड दाखवावे लागते. केसाळ कातडे असलेल्या समारंभी स्पोरनमध्ये मोठा फोन मावत नाही, आणि मावला तरी नाचताना तो नको तेथे आदळतो. फोन कोटाच्या आतल्या खिशात ठेवून कोट खुर्चीवर नव्हे, तर सामान ठेवण्याच्या खोलीत द्यावा.

सर्वांत शेवटी वेस्टकोट, बो-टाय आणि कोट. वेस्टकोटचे सर्वांत खालचे बटण उघडे ठेवण्याची पद्धत सुटाच्या बाबतीत असते. किल्टवरच्या वेस्टकोटची सर्व बटणे लावली तरी ते चूक दिसत नाही.

बसणे, चालणे, नाचणे

बसताना एक हात पाठीमागून फिरवून चुण्या खाली सपाट कराव्यात आणि मगच टेकावे. असे न केल्यास तासाभराच्या जेवणानंतर मागचा भाग चुरगळलेल्या कागदासारखा होतो. गुडघे फार फाकवून बसू नये, आणि पुढचा पदर दोन्ही मांड्यांच्या मध्ये खाली येऊ द्यावा. स्पोरनचा भार त्याला तेथे धरून ठेवतो. गाडीत बसताना सीटबेल्ट लावण्यापूर्वी स्पोरन कमरेच्या बाजूला सरकवावा. ही सवय मुलांना आपोआप लागत नाही. आदल्या दिवशीच्या तालमीत दोन-चार वेळा खुर्चीवर बसून-उठून पाहिले की पुरे.

नाचाच्या वेळी स्पोरन कमरेच्या डाव्या किंवा उजव्या बाजूला फिरवून ठेवण्याची पद्धत आहे. पुढे ठेवला तर उड्या मारताना तो सारखा आपटतो आणि जोडीने फिरताना समोरच्याला लागतो. मनगटी घड्याळ काढून ठेवावे, कारण स्ट्रिप द विलोमध्ये दुसऱ्यांच्या कोपरांवर सर्वाधिक ओरखडे त्यानेच उठतात. कोट काढायचा असेल तर जेवण आणि भाषणे होईपर्यंत थांबावे. वेस्टकोट मात्र शेवटपर्यंत अंगावर ठेवावा. काही मराठी मुलांना किल्टवर फेटा बांधण्याची हौस असते. फोटोत ते छान दिसते, आणि पगडी घालून किल्ट नेसणारे स्कॉटिश शीख तर येथे सर्वांच्या परिचयाचे आहेत. फक्त शेमला लांब सोडला असेल तर पहिल्या रीलच्या आधी तो आत खोचावा, नाहीतर रांगेतील कोणीतरी तो हमखास ओढून घेऊन जाईल.

मुलींनी किल्ट नेसावा का, हा प्रश्न आता पूर्वीइतका चर्चेचा राहिलेला नाही. हायलंड डान्सच्या स्पर्धांत मुली किल्ट नेसूनच नाचतात, आणि बॉलला कोणी मुलगी किल्ट नेसून आली तर त्यात वावगे काही नाही. लांब ड्रेस आणि खांद्यावर टार्टनचा पट्टा हा जुना पर्यायही आहेच. मात्र ड्रेस जमिनीवर लोळणारा असेल तर नाचाआधी तो हातात धरण्यासाठी मनगटाला अडकवायचा फास शिवून घ्यावा आणि सपाट चपला पिशवीतून न्याव्यात. साडी नेसून रील नाचणे अशक्य नाही. निऱ्या दोन ठिकाणी पिनांनी पक्क्या केल्या की झाले.

परत करताना

समारंभानंतर घामेजलेला किल्ट तसाच पिशवीत कोंबू नये. कमरपट्टीला दोन क्लिपा लावून तो रात्रभर उलगडून टांगावा, चुण्या हाताने सरळ कराव्यात. वॉशिंग मशीन तर नाहीच, आणि डाग पडला असेल तर थंड पाण्यात भिजवलेल्या फडक्याने हलकेच टिपावा, घासू नये. डाग कसला आहे ते दुकानात स्पष्ट सांगितले तर तो निघण्याची शक्यता वाढते, कारण ग्रेव्हीचा आणि फळांच्या रसाचा डाग काढण्याच्या पद्धती वेगळ्या असतात. बुटांच्या नाड्या सोडून ठेवाव्यात, मोजे मात्र बहुधा आपल्याकडेच राहू देतात, ते विचारून घ्यावे.

परतीच्या वेळी न सापडणाऱ्या वस्तू नेहमी त्याच असतात: कफलिंक्स, फ्लॅशेस आणि किल्टची पिन. यांची भरपाई अनामत रकमेतून कापली जाते. म्हणून रात्री घरी आल्यावर पोशाख उतरवताना या तिन्ही वस्तू आधी स्पोरनमध्ये टाकाव्यात, आणि मगच किल्ट टांगायला घ्यावा.